सतरा नंबरचा लेख

सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३

पर्यटन मंडळाचा माणूस सकाळी गठ्ठा टाकून गेला. तेवीस लेख. वर्षभरात पाराग्वायमध्ये छापून आलेल्या प्रवासलेखांतून एक निवडायचा आणि त्याला न्यांदुती पुरस्कार द्यायचा. लेसचा हातभर तुकडा, काचेत बसवलेला. पहिली न्यांदुती १९९२ साली मला मिळाली. ती दिवाणखान्यात टांगली आहे आणि एर्मिंदा दर शनिवारी तिच्यावर फडकं मारते, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही तितक्या मन लावून.

लेखांवर नावं नसतात, फक्त नंबर. परीक्षक तिघं: मी अध्यक्ष, विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारी रुफिना ओल्मेदो आणि हॉटेलवाल्यांचा प्रतिनिधी प्लासिदो येग्रोस. नावं गुप्त असतात, पण कुठला नंबर कुणाचा हे प्लासिदोला जेवणाआधी ठाऊक असतं.

आज नऊ वाचले. डोकं उठलं. ‘स्वर्ग’ हा शब्द एकोणीस वेळा आला, मी मोजला. पाच लेख सूर्यास्तापाशी संपतात. एका पठ्ठ्यानं हॉटेलातल्या टॉवेलांवर दीड पान खर्ची घातलं आहे आणि ज्या गावात ते हॉटेल आहे त्या गावाचं नाव चुकवलं आहे. बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, बाबांनो, माणसांशी बोला. कोण ऐकतो.

एक मात्र झालं. मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. यंदापासून पुरस्काराला माझं नाव द्यायचं म्हणतात. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही, उगाच ऐकलं असतं तर पंचाईत.

बुधवार, ११ ऑक्टोबर

उकाडा. पंख्याचं पातं घासतंय. तेरेरेच्या गार चहाला बर्फ नाही, कारण एर्मिंदानं फ्रीज साफ करायला आजचाच दिवस काढला.

सतरा नंबरचा लेख वाचला. लांबण लावलेली. कडवट. दहापैकी चार.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

काल घाईत लिहिलं, आज नीट लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल.

सतरा नंबर पुएर्तो लिराबद्दल आहे. नदीच्या वरच्या अंगाला, बोटीनं दोन दिवस. तिथं जाऊन मी ‘धक्क्यावरची विधवा’ लिहिला होता. रोज संध्याकाळी कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहणारी सेफेरिना, नदीनं गिळलेल्या नवऱ्याची वाट बघणारी. त्याच लेखाला न्यांदुती मिळाली. तो आठवीच्या पुस्तकात होता. आजही रस्त्यात माणसं थांबवून त्यातलं शेवटचं वाक्य म्हणून दाखवतात.

आता हा सतरा नंबर, कोण असेल तो, पुएर्तो लिराला जाऊन त्या बाईला भेटला म्हणे. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. आणि ती म्हणते, असं काही नव्हतंच. इथं उतरवून काढतो, म्हणजे किती चढवून लिहिलंय ते दिसेल:

‘दिवा नवऱ्यासाठी नव्हता, शेळी चुकली होती. माझा आनास्तासियो घरात पाय शेकत बसला होता. वर्षभरानं शहरातले लोक यायला लागले, विधवा कुठाय विचारत. बाया रडायच्या, साबण, साखर द्यायच्या. त्यांना कसं सांगायचं की तो आत जेवतोय? मग बोटीचा भोंगा झाला की तो मागच्या दारानं शेतात जाऊन बसायचा. बावीस वर्षं. कारण तो मेलेला होता. दोन हजार चौदा साली तो खरंच गेला. त्या आठवड्यातही बोट आली. दिवा लावा ना, म्हणाले. मी लावला नाही. त्यांना वाटलं, म्हातारी दुःख विसरली.’

आणि मग लेखकाचं स्वतःचं एक वाक्य: ‘ज्यानं हे लिहिलं तो बोटीवरून उतरला नव्हता, असं पुएर्तो लिरात सगळे सांगतात.’

सगळे. पासष्ट घरांचं गाव. एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वी बोटीवरून कोण उतरलं हे सगळ्यांना आठवतं.

मी उतरलो होतो. चांगला तासभर होतो.

शनिवार, १४ ऑक्टोबर

जेवताना एर्मिंदानं विचारलं, काही चांगलं सापडलं का. म्हटलं, नाही. म्हणाली, “मग ते सतरा नंबरचं पाकीट उशीखाली का ठेवलंयस?”

या घरात माणसाला उशीसुद्धा स्वतःची नाही.

सोमवार, १६ ऑक्टोबर

पुन्हा वाचला, दोष शोधायला. दोष आहेत. स्वल्पविराम पोत्यानं ओतलेत. दोन ठिकाणी क्रियापद चुकलंय. पण शेतात बसलेल्या त्या माणसाचा एक परिच्छेद आहे. त्याला मंदियोकाच्या रोपांच्या ओळींमधून आपल्याच घराचं छप्पर दिसायचं, आणि अंगणातल्या रडारडीवरून तो ओळखायचा की आज पाहुणे किती. असं वाक्य मला आयुष्यात सुचलं नाही.

चार दिले आहेत, ते पाच करावेत का. नको. एकदा दिलं ते दिलं.

तासभर म्हटलं मी परवा. तासभर बोट थांबतच नाही. अर्धा तास असेल.

शनिवार, २१ ऑक्टोबर

परीक्षकांची बैठक प्लासिदोच्या हॉटेलात झाली. बाहेर अडतीस अंश, आत असा गारठा की रुफिनानं टेबलावरचा रुमाल खांद्यावर घेतला.

प्लासिदोचा उमेदवार चार नंबर. तळ्याकाठच्या नव्या रिसॉर्टवर. “फोटो बघा मायेस्त्रो,” म्हणाला. सगळे मला मायेस्त्रो म्हणतात, पण हा म्हणतो तेव्हा बिल मागवल्यासारखं वाटतं. “वाचून माणूस लगेच बॅग भरतो.”

“वाचून माणूस लगेच झोपतो,” रुफिना म्हणाली. तिनं चार नंबरला तीन दिले होते. सतरा नंबरला दहा.

प्लासिदोनं बरोबर उलटं केलं होतं. “डास, शेळी, म्हातारी आणि मेलेला नवरा. हे वाचून कुणी नदीवर जाईल?”

“प्रवासाचं लिहिणं म्हणजे तिकीट खपवणं नव्हे.”

“मग उत्कृष्ट कशाला म्हणायचं? ज्यानं घराबाहेर पडावंसं वाटत नाही त्याला?”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. माझे चार नंबरला सहा, सतराला चार. बेरीज केली तर निकाल प्लासिदोचा. मी मुकाट बेरीज करायला घेतली, पण रुफिनानं माझ्या कागदावर हात ठेवला.

“मायेस्त्रो, चार का?”

म्हटलं, लेखकाचा रोष दिसतो.

“रोष असू दे. खोटं आहे का? ते एवढंच सांगा. आपल्या तिघांत तेव्हा तिथं गेलेले तुम्ही एकटे. तुम्ही उतरला होतात. तुम्ही म्हणालात खोटं, तर मी माझ्या दहाचं शून्य करते. माझा तुमच्यावर विश्वास आहे. मी तुमचा लेख वाचून या धंद्यात आले.”

मी म्हटलं, “खोटं आहे.”

तिनं पेन काढलं आणि दहावर काट मारली. प्लासिदोनं कॉफी मागवली.

घरी आलो. कान अजून गार आहेत.

रविवार, २२ ऑक्टोबर

एर्मिंदानं सतरा नंबर वाचला. उशीखालून काढून, चष्मा लावून, चीजचा चिपा पाव खात. पानांवर चुरा पडलाय. मी अंगणात खुर्ची दुरुस्त करत होतो, तिथं येऊन उभी राहिली.

“त्या सहलीहून आलास तेव्हा तापानं फणफणला होतास.”

“आठवतंय.”

“तुझे बूट मी उन्हात ठेवले होते. त्यांना चिखल नव्हता, एवारिस्तो. धक्क्यावर उतरलेल्या माणसाच्या बुटाला नदीचा चिखल नाही, असं होतं का? मी ते घासलेच नाहीत. घासायला काही नव्हतं.”

“बत्तीस वर्षं बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस?” ती म्हणाली. “आणि लेख चांगला होता. मी पण रडले होते. मला वाटलं, असंच करत असतील लिहिणारे.”

मी काल बैठकीत काय बोललो ते तिला सांगितलं. ती म्हणाली, “दुपारी जेवायला तुझं तू वाढून घे.” आणि बहिणीकडे गेली.

खुर्ची काही दुरुस्त झाली नाही. चौथा पाय आखूड कापला गेला. आता ती सगळ्याच बाजूंनी डुगडुगते.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

उतरलो नाही.

लिहून टाकलं. आता बघतो कसं दिसतं ते.

ताप होता. डेकवर झोळीत पडून होतो, कांद्यांच्या पोत्यांमध्ये. पुएर्तो लिराला बोट लागली तेव्हा उठलो, उतरायच्या फळीपर्यंत गेलो. तिथंच कठड्याला टेकलो. किनाऱ्याला जलपर्णी अडकलेली, पलीकडे धक्का आणि धक्क्यावर कंदील घेतलेली एक बाई इकडेतिकडे बघत होती. पिठाची पोती उतरली, बोट सुटली. पंचवीस मिनिटं असतील. मी बोटीवरच्या आचाऱ्याला विचारलं, ती बाई कोण. तो भांडी खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, “सेफेरिना. नवऱ्याला शोधत असेल, नाहीतर शेळीला.”

शेळीचं तो म्हणाला होता. मला ऐकू आलं होतं. मी शेळी गाळली.

आणि नवरा शोधतेय म्हणजे नवरा बुडालाय, हे माझं. दिवा रोजचा, हे माझं. विधवा, हे माझं. संपादकाला चौदाशे शब्द हवे होते आणि माझ्यापाशी ताप सोडून काही नव्हतं.

गेली तीस वर्षं हे मी विसरलो होतो म्हणावं, तर तसंही नाही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

रुफिनाला फोन केला. चारदा लावला, तिनं पाचव्यांदा उचलला. वर्गात होती म्हणे. सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

ती म्हणाली, “लेखी द्या.”

“रुफिना, मी तुला सांगतोय ना.”

“मागच्या वेळीही सांगितलंतच. लेखी द्या. मंडळाच्या नावे, तारखेसह.”

बोलण्यात ‘मायेस्त्रो’ नव्हतं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

पत्र सकाळी दिलं, दुपारी प्लासिदो घरी हजर. तेरेरेचा पेला त्यानं तीनदा परत भरून घेतला, म्हणजे मुक्काम लांबणार होता.

“कशाला हे सगळं उकरताय? कुणाचं काय बिघडलं? लेख छान आहे.”

“नवरा जिवंत होता, प्लासिदो.”

“आता नाहीये ना. मग आता लेख बरोबर झाला.” हे तो हसत म्हणाला नाही. मनापासून म्हणाला. “ऐका माझं. तुमच्या लेखामुळे लोक नदीवर गेले. मी स्वतः सात वर्षं सहली नेल्या. त्या गावाला नवा धक्का कुणामुळे मिळाला? तुमच्या खोट्यानं चार माणसं तिकडे गेली. हिच्या खऱ्यानं कोण जाणार आहे?”

“हिच्या?”

त्यानं जीभ चावली. त्याला अर्थातच नाव माहीत होतं. “कोणीतरी नर्स आहे. पत्रकारसुद्धा नाही.”

धक्का खरंच झाला. वैताग हा की प्लासिदो गेल्यावर उत्तर सुचलं: मी गेलो नाही आणि तुम्हाला पाठवलं, त्यात काय शहाणपणा. पण तोवर त्याची गाडी वळणावर गेली होती. एर्मिंदानं पेला उचलत म्हटलं, “त्याच्या बोटीतल्या बाया साबण द्यायच्या, ते त्याला आठवतं का विचारायचं होतंस.” हिला ते तेव्हाच सुचलं होतं म्हणे, पण पाहुण्याला कशाला बोलायचं म्हणून गप्प बसली.

शनिवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा बैठक, पुन्हा गारठा. मी सतरा नंबरला दहा दिले, रुफिनानं तिचे दहा परत लिहिले. दोन विरुद्ध एक. नावाचं पाकीट फोडलं: देइदामिया फारिन्या, नदीच्या वरच्या भागातली लसीकरणाची नर्स. बर्फाची पेटी घेऊन बोटीनं गावोगाव जाते. लेख कोन्सेप्सियोनच्या एका चार पानी साप्ताहिकात आला होता.

प्लासिदोनं नियम काढले. ‘पत्रकार’ असा शब्द आहे म्हणाला. रुफिनानं त्याच नियमांचं पुढचं पान काढलं. तिथं ‘प्रसिद्ध झालेलं लिखाण’ असं आहे. पाऊण तास हेच. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

पुरस्काराला माझं नाव देण्याचा विषय मंडळानं ‘पुढे ढकलला’ आहे. ढकला. मी कुठं मागितलं होतं. तरी दिवसभर चिडचिड झाली हे कबूल करतो. मानपत्र मात्र परंपरेप्रमाणे अध्यक्षानंच लिहायचं आहे.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

मानपत्राचे सहा मसुदे फाडले. पहिल्यात लेखाविषयी चार ओळी आणि माझ्याविषयी दीड पान. एर्मिंदाला वाचून दाखवला. “सुंदर,” ती म्हणाली, “पुरस्कार तुलाच का देत नाहीत?”

सहाव्यात माझ्याविषयी दोन वाक्यं राहिली. ती काढली तर भ्याडपणा, ठेवली तर मिरवणं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेखांतली ‘मी’ खोडत आलो, आणि आता स्वतःच्या दोन वाक्यांपाशी अडकून बसलोय.

रविवार, १९ नोव्हेंबर

काल समारंभ झाला. सभागृहाचं छप्पर पत्र्याचं आणि आवारात आंब्याची झाडं. दर चार मिनिटांनी वर धडाम. मंत्रालयाचा माणूस प्रत्येक वेळी दचकत होता.

मी मानपत्र वाचलं. त्यातला मुख्य भाग असा: ‘या लेखिकेनं लोकांना आधीच आवडलेली गोष्ट घेतली आणि ती ज्या बाईची होती तिला जाऊन विचारलं. ती गावात नऊ वेळा गेली, पैकी सात वेळा वही न उघडता. तिच्या लेखात एकही सुंदर देखावा नाही आणि तरी पुएर्तो लिरा वाचकाला कायमचं दिसतं. याच गावावर मी १९९१ साली लिहिलं. मी बोटीवरून उतरलो नव्हतो आणि ज्या माणसाला मी मृत म्हटलं तो जिवंत होता.’

वाचून मान वर केली. म्हटलं, आता कुणीतरी उठेल, काहीतरी फेकेल. पहिल्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळं सभागृह उभं राहिलं. माझ्यासाठी. सेक्रेटरीचे डोळे ओले. मंत्रालयाचा माणूस हात हातात घेऊन म्हणाला, “काय ही विनम्रता. आजकाल कुठं बघायला मिळते.” दोघांनी ‘धक्क्यावरची विधवा’ची जुनी कात्रणं सहीला आणली. एकीनं शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं.

मी ओरडून सांगणार होतो. बाई, तो घरात पाय शेकत होता. पण वर आंबा पडला आणि ते राहिलंच.

देइदामिया फारिन्या एका कोपऱ्यात न्यांदुती छातीशी धरून उभी होती. पंचेचाळिशीची, बुटकी, उन्हानं रापलेली. तिच्याभोवती कुणी नव्हतं. सगळे माझ्याभोवती. गर्दीतून वाट काढत तिच्याकडे गेलो.

“अभिनंदन. तुमच्यावर अन्याय झाला आज. टाळ्या तुमच्या होत्या.”

“टाळ्यांचं काय करायचंय,” ती म्हणाली. “कबान्यास साहेब, हा लेख स्पर्धेला मी पुरस्कारासाठी पाठवला नाही. परीक्षकांत तुमचं नाव छापलं होतं. तुमचा पत्ता माझ्याकडे नव्हता.”

“म्हणजे मी वाचावा म्हणून?”

“तुम्ही तरी वाचावा म्हणून.”

मी म्हटलं, आज सगळ्यांसमोर सांगितलं मी. तीनशे माणसांसमोर. सोपं नव्हतं ते.

“हो, ऐकलं.” तिनं न्यांदुती दुसऱ्या काखेत घेतली. “त्यांना सांगितलंत. तिला नाही.”

मग तिला बस गाठायची होती.

सोमवार, २० नोव्हेंबर

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. गुडघा आहे, रक्तदाब आहे. बोटीवर झोळीत झोपायचं, नदीच्या पाण्याचा भात खायचा. तिथं जाऊन बोलायचं काय? माफ करा, मी तुमच्या नवऱ्याला मारला? पत्र पाठवता येईल. पत्र जास्त नीट लिहिता येतं.

एर्मिंदाला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

एर्मिंदानं माझी बॅग भरली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या कप्प्यात. म्हटलं, मी जातो म्हणालो नाही. म्हणाली, “जात नाही असंही म्हणाला नाहीस. आणि जुने बूट घेऊन जा, नव्यांचा सत्यानाश होईल.”

मंगळवार, २८ नोव्हेंबर, बोटीवर

कोन्सेप्सियोनहून सकाळी अकराला सुटणार होती, तीनला सुटली. माझ्या झोळीच्या एका बाजूला मोटारसायकल, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची खुराडी. आचारी वेगळा आहे, भात तोच. शेजारची बाई विचारते, कुठं. म्हटलं, पुएर्तो लिरा. “विधवा बघायला?” म्हणाली. “आता काही नाही तिथं. दिवाबिवा बंद झाला.”

गुरुवार, ३० नोव्हेंबर, पुएर्तो लिरा

दुपारी चारला बोट लागली. पाणी उतरलंय, नव्या धक्क्यापर्यंत फळी पोचत नाही. चिखलातूनच उतरायचं. घोट्यापर्यंत गेलो. दोघांनी हात दिला.

घर विचारावं लागलं नाही. ती दारात खुर्ची टाकून मंदियोकाचे कंद सोलत बसली होती. लहानखुरी, केस पांढरे, हात मात्र भराभर चाललेले. वाटेत जी वाक्यं घोकली होती त्यांतलं एकही आठवेना.

“सेफेरिनाबाई, मी एवारिस्तो कबान्यास. तो लेख मी लिहिला होता. विधवेचा.”

तिनं सुरी थांबवली आणि मला खालपासून वर बघितलं. चिखलापाशी जरा जास्त.

“तू तर मेलास ना?”

“कोण म्हणालं?”

“मीच म्हणायचे. लोक यायचे, विचारायचे, तुम्हाला ते लेखक कसे भेटले, काय बोलले. आता काय बोलला म्हणून सांगू? भेटलास कुठं तू. म्हणून मी सांगायचे, मेला बिचारा. की गप्प बसायचे.” तिनं सुरी पुन्हा चालू केली. “आनास्तासियोला फार आवडायचं ते. शेतातून आला की विचारायचा, आज आम्ही दोघं मेलो का?”

मी माफी मागितली. ती नीट मागता आली नाही. शब्द एकावर एक पडले. ती ऐकत होती की नाही कळेना. मग म्हणाली, “मला तुझा राग फार होता. त्याच्यासाठी. दुपारच्या उन्हात जाऊन बसायचा, आखडलेल्या पायानं. मी म्हणायचे, एकदा बाहेर ये आणि सांग त्यांना. तो म्हणायचा, अगं, त्या बाया इतक्या लांबून रडायला आल्यात.”

“अजून आहे राग?”

“बघते,” ती म्हणाली. “बोट भोंगा देतेय. तुझी जाईल.”

म्हटलं, जाऊ दे. परतीची शनिवारी आहे.

“मग उभा काय राहतोस. आत दुसरी सुरी आहे.”

दोघांनी मिळून टोपलंभर कंद सोलले. माझ्या साली जाड निघतात असं तिनं तीनदा सांगितलं. अंधार पडेस्तोवर ती आनास्तासियोबद्दल बोलत होती. पाय कसा अधू झाला, लग्नाआधी तिच्या बापाला त्यानं कसं फसवलं, शेवटच्या दिवशी काय मागितलं. मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यांत चांगलं काही. माझी वही बॅगेत होती, मी ती काढली नाही. जेवताना विचारलं, “सेफेरिनाबाई, हे लिहू का?”

“नको,” ती म्हणाली.

म्हणून लिहीत नाही.

उद्या सकाळी त्याच्या थडग्यावर वाढलेलं गवत काढायला जायचं आहे. ती म्हणते, विळा तिचा, कंबर माझी.